आधी कारण वाचा, मग नंबर

दर जुलैत अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट होतो. तीस संघ पाळीपाळीने शाळा-कॉलेजातली मुलं निवडतात. मग काही दिवसांतच प्रत्येक संघाच्या चाहत्यांपुढे याद्या येऊन पडतात: आपण घेतलेल्या नव्या पोरांत पहिला कोण, दुसरा कोण, दहावा कोण. 'बेसबॉल अमेरिका'सारखं जुनं नियतकालिक यादी करतं, मेजर लीगची स्वतःची 'पाइपलाइन' करते, आणि चाहते तर करतातच. ज्या मुलाने व्यावसायिक बेसबॉलचा एक चेंडूही अजून खेळलेला नाही, त्याच्या नावापुढे नंबर लागून मोकळा!

मला या याद्या मनापासून आवडतात. बॉस्टनला राहणाऱ्या मावसभावामुळे रेड सॉक्स संघाचं वेड लागलं, आणि मॅचपेक्षा जास्त मी या याद्याच वाचत बसते. बेळगावात बेसबॉल म्हणजे फार तर आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या नोटिशीतला एक शब्द, त्यामुळे या विषयावर वाद घालायला कुणी सापडत नाही. म्हणून तो वाद इथे घालते.

माझं म्हणणं साधं आहे. अशी क्रमवारी जरूर लावावी, पण ती पीयूसीच्या मेरिट लिस्टसारखी वाचू नये. मेरिट लिस्ट झालेल्या परीक्षेची असते. ही यादी अजून न झालेल्या परीक्षेची असते. त्यामुळे इथे आकड्यापेक्षा आकड्यामागचं कारण मोठं. आणि जी यादी कारण देत नाही ती कितीही नामांकित माणसाने केलेली असो, बाजूला ठेवावी.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या डोक्यात लगेच आयपीएलचा लिलाव येतो. लिलावात पैसे बोलतात. ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या मोसमात खाली राहिलेल्या संघांना साधारणपणे आधीची पाळी मिळते (आता वरच्या काही जागांसाठी लॉटरी काढतात). एका संघाने मुलाचं नाव घेतलं की दुसऱ्या संघाशी त्याला बोलणी करता येत नाहीत. तो एक तर त्या संघाशी करार करतो, नाहीतर 'नको' म्हणून कॉलेजात जातो किंवा तिथेच राहतो. ही पद्धत १९६५ पासून चालू आहे. २०११ साली तब्बल ५० फेऱ्या होत्या, आता २० आहेत.

दुसरा फरक आणखी मोठा. आयपीएलमध्ये नोव्हेंबरात घेतलेला मुलगा एप्रिलमध्ये मैदानात दिसू शकतो. वैभव सूर्यवंशी तेरा वर्षांचा असताना विकला गेला आणि चौदाव्या वर्षी त्याने शतक ठोकलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बेसबॉलमध्ये हे जवळजवळ अशक्य. निवडलेला मुलगा आधी रुकी लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असे मायनर लीगचे जिने चढतो. शाळेतून आलेल्या मुलाला यात चार-पाच वर्षं सहज जातात, आणि बहुतेक जण मधल्याच कुठल्यातरी पायरीवर थांबतात. म्हणजे आज लावलेला नंबर बरोबर होता की चूक, हे कळेपर्यंत यादी करणारा ती विसरूनही गेलेला असतो.

मग नंबर लावतात कशावर? स्काउट लोक २० ते ८० अशा मापाने गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सर्वसाधारण खेळाडू. बॅट चेंडूला लागते का, लागली तर चेंडू किती लांब जातो, पळतो कसा, क्षेत्ररक्षण कसं, हातात फेकायची ताकद किती, असे पाच गुण. यातले तीन डोळ्यांना आणि यंत्रांना लगेच दिसतात: पळण्याचा वेळ स्टॉपवॉच सांगतं, फेकीचा वेग रडार गन सांगते, लांब मारलेला चेंडू कुणालाही दिसतो. पण शाळकरी गोलंदाजांसमोर चांगली चाललेली बॅट चार वर्षांनी ताशी ९५ मैलांच्या चेंडूसमोर चालेल का, हे मोजणारं घड्याळ कुठे मिळत नाही. आणि फलंदाजाचं सगळं भवितव्य नेमकं त्याच गुणावर अवलंबून. मला वाटतं, याद्यांचा मूळ घोटाळा इथे आहे. जे मोजता येतं त्याला वजन मिळतं, जे मोजता येत नाही ते 'बघू पुढे' म्हणून खाली सरकतं.

आता एक खरी यादी घेऊ. बॉस्टन रेड सॉक्स, २०११.

त्या वर्षी बॉस्टनकडे वरच्या चार पाळ्या होत्या. व्हिक्टर मार्टिनेझ आणि एड्रियन बेल्ट्रे हे दोन मोठे खेळाडू संघ सोडून गेले, त्याची भरपाई म्हणून त्या मिळाल्या होत्या. १९व्या पाळीला त्यांनी कनेटिकट विद्यापीठाचा पिचर मॅट बार्न्स घेतला. २६व्या पाळीला न्यू मेक्सिकोचा शाळकरी कॅचर ब्लेक स्वायहार्ट. ३६व्या पाळीला कॅलिफोर्नियाचा उंचापुरा डावखुरा पिचर हेन्री ओवेन्स. ४०व्या पाळीला साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा आउटफिल्डर जॅकी ब्रॅडली ज्युनिअर. हा ब्रॅडली आदल्या वर्षी कॉलेज वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण मनगटाच्या दुखापतीमुळे त्याचा भाव उतरला होता. ड्राफ्टनंतर चर्चा होती ती या चौघांची.

पाचव्या फेरीत, १७२व्या पाळीला, त्यांनी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा एक शाळकरी मुलगा घेतला. उंची पाच फूट नऊ इंच. बेसबॉलइतकाच बोलिंगमध्ये पटाईत. तेच ते, लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडून दहा पिना पाडायचा खेळ. नाव मार्कस लिन बेट्स, पण सगळे मूकी म्हणतात.

पुढचं बेसबॉल पाहणाऱ्यांना माहीत आहे. मूकी बेट्स २०१८ साली अमेरिकन लीगचा एमव्हीपी झाला, म्हणजे त्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू. फलंदाजीची सरासरी ०.३४६, होम रन ३२, चोरलेले बेस ३०. त्याच वर्षी बॉस्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि तिथे २०२०, २०२४ आणि २०२५ अशा आणखी तीन वर्ल्ड सिरीज त्याच्या नावावर लागल्या. २०११ च्या त्या वर्गातल्या बाकी सगळ्यांचं काम एकत्र केलं तरी एकट्या बेट्सचं पारडं जड भरेल.

इथपर्यंत आलं की बरेच जण हात झटकतात: "बघा, स्काउटांना काही कळत नाही. सगळं नशीब." हे मला अजिबात पटत नाही. त्या वर्गाचं पुढे काय झालं ते नीट पाहा. बॉस्टनने पहिल्या पाच फेऱ्यांत आठ मुलं घेतली आणि आठही जण कधी ना कधी मेजर लीगमध्ये खेळले. हे फार दुर्मीळ आहे. बार्न्स २०१८ च्या विजेत्या संघात होता आणि २०२१ मध्ये ऑल-स्टार झाला. ब्रॅडलीला २०१८ मध्ये क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह मिळालं आणि त्याच वर्षी लीगच्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम ठरला. नवव्या फेरीतल्या ट्रॅव्हिस शॉने पुढे मिलवॉकीसाठी लागोपाठ दोन मोसमांत ३१ आणि ३२ होम रन मारले. स्काउटांना माणसं ओळखता आली होती. चुकला तो फक्त क्रम, आणि क्रमच सगळ्यात कठीण असतो.

त्या आठांतल्या दोघांची गोष्ट मला बेट्सपेक्षाही बोलकी वाटते. दुसऱ्या फेरीतला विल्यम्स हेरेझ आउटफिल्डर म्हणून घेतलेला, तिसऱ्या फेरीतला जॉर्डन वीम्स कॅचर म्हणून. दोघांचीही बॅट मायनर लीगमध्ये चालली नाही. दोघेही पुढे पिचर झाले, आणि पिचर म्हणूनच मेजर लीगमध्ये पोचले. हेरेझ २०१८ मध्ये, वीम्स २०२० मध्ये. म्हणजे ज्या गुणासाठी त्यांना नंबर दिला होता तो गुण कामी आलाच नाही. कामी आला तो हातातला जोर, ज्याचं मोल तेव्हा दुय्यम होतं. यांचे नंबर बरोबर होते की चूक? मला वाटतं हा प्रश्नच नीट विचारता येत नाही.

आणि स्वायहार्ट, ओवेन्स? दोघेही मायनर लीगमध्ये चमकले, कित्येक याद्यांत वर होते. २०१६ च्या जूनमध्ये स्वायहार्ट, मूळचा कॅचर, लेफ्ट फील्डमध्ये खेळताना भिंतीवर आदळला आणि घोटा दुखावून बसला. त्यानंतर त्याचं बस्तान नीट बसलंच नाही. ओवेन्सचा चेंडूवरचा ताबा सुटला आणि २०१६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. घोटा मोडेल की नाही हे कुठल्याही यादीला कळत नाही.

मग यादी वाचणाऱ्याने काय करावं? मी चार गोष्टी सुचवते.

पहिली: पाळीचा नंबर आणि करारातली रक्कम शेजारी ठेवून वाचा. त्या वर्षी संघांवर खर्चाची कडक मर्यादा नव्हती. ती पुढच्या वर्षापासून आली. बॉस्टनने बार्न्सला १५ लाख डॉलर दिले, ओवेन्सला साडेपंधरा लाख, ब्रॅडलीला ११ लाख, आणि २६व्या पाळीच्या स्वायहार्टला सर्वांत जास्त, २५ लाख. म्हणजे पाळीनुसार दुसरा असलेला मुलगा संघाच्या लेखी पहिला होता. आणि पाचव्या फेरीतल्या बेट्सला? साडेसात लाख. त्या फेरीसाठी लीगने सुचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट. टेनेसी विद्यापीठ त्याची वाट पाहत होतं, त्याला तिकडून वळवायचं तर एवढे पैसे मोजणं भाग होतं, हे खरं. पण विश्वास नसता तर संघाने ते मोजले नसते. फेरी सांगत होती 'पाचवा', चेक सांगत होता 'जवळपास ब्रॅडलीच्या पंक्तीला'.

दुसरी: कमाल आणि किमान वेगळी लिहायला सांगा. बार्न्ससारखा कॉलेजचा पिचर फार खाली जाणार नाही, निदान रिलीफ पिचर तरी होईल, हे किमान. शाळकरी स्वायहार्ट दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा मोठा कॅचर होईल, हे कमाल. बहुतेक याद्या हे दोन वेगळे प्रश्न एकाच आकड्यात कोंबतात. 'क' हा 'ख'च्या वर आहे म्हणजे नक्की कशात वर? जास्त सुरक्षित म्हणून, की जास्त मोठा होऊ शकतो म्हणून? हे न सांगता नंबर देणं म्हणजे कविता आणि कादंबरी एकाच स्पर्धेत बसवून गुण देण्यासारखं.

तिसरी: शरीरापेक्षा नजरेला वजन द्या. बॉस्टनचा स्काउट डॅनी वॉटकिन्स बेट्सच्या शाळेत गेला तेव्हा त्याने त्याच्याकडून लॅपटॉपवर एक चाचणी करून घेतली. पडद्यावर चेंडू येतो, त्याची शिवण ओळखून बटण दाबायचं की नाही ते क्षणात ठरवायचं. न मोजता येणारी गोष्ट मोजायचा तो एक प्रयत्न होता. बुटक्या फलंदाजाकडे पाहायची बॉस्टनला सवयही होती: बेट्सइतकाच बुटका डस्टिन पेड्रोइया २००४ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला आणि २००८ मध्ये एमव्हीपी झालेला, त्यांचाच सेकंड बेसमन. गंमत म्हणजे त्याच्यामुळेच पुढे सेकंड बेसवर जागा नव्हती, आणि बेट्सला आउटफिल्डमध्ये जावं लागलं. तिथे त्याने गोल्ड ग्लव्हची रांग लावली.

चौथी: पहिल्या मोसमावरून यादी फाडून टाकू नका. २०१२ मध्ये लोवेलच्या संघाकडून बेट्सने ७१ सामन्यांत एकही होम रन मारला नाही. एकही नाही! त्या हिवाळ्यात कुणी त्याला आणखी खाली ढकललं असेल तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण २०१३ मध्ये दोन संघांकडून मिळून १५ होम रन आले, ३८ बेस चोरले गेले, आणि २९ जून २०१४ ला तो यांकी स्टेडियमवर मेजर लीगमध्ये उतरला.

या चार कसोट्या लावून २०११ मध्येच यादी केली असती तर बेट्स पहिला आला असता का? नाही. माझ्या हिशोबाने स्वायहार्ट पहिला, ब्रॅडली दुसरा, बार्न्स, ओवेन्स, आणि मग पाचवा बेट्स. पण त्या पाचव्या नावाखाली लिहिलेलं असतं: 'संघाने याच्यावर फेरीपेक्षा जास्त पैसे लावलेत, नजर तयार आहे, कमाल कुणालाच ठाऊक नाही.' मग वाचणाऱ्याने निदान त्याच्यावर लक्ष ठेवलं असतं. यादीचं काम एवढंच, कुठे बघायचं ते सांगणं.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला, खेळच तर आहे. पण या नंबराची किंमत मुलं मोजतात. ज्याच्यावर लाखो डॉलर लावले त्याला संघ सहजी सोडत नाही. दोन वर्षं नाही चालला तरी तिसरं मिळतं. खालच्या फेरीत स्वस्तात घेतलेल्या मुलाचा एक मोसम वाईट गेला की त्याची बॅग भरली जाते. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा युनियनमार्फत पहिला करार झाला. त्याआधी सर्वांत खालच्या पातळीवरचं किमान वेतन वर्षाला ४,८०० डॉलर होतं. करारानंतर ते १९,८०० झालं. ४,८०० डॉलरवर दिवस काढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने 'यादीत दहावा' आणि 'यादीत नाही' यातलं अंतर फार मोठं आहे.

वरच्या नंबराचाही भार असतोच. १९६६ मध्ये न्यू यॉर्क मेट्सने पहिल्या पाळीला स्टीव्ह चिलकॉट हा कॅचर घेतला आणि तो कधीच मेजर लीगमध्ये पोचला नाही. दुसऱ्या पाळीला गेला रेजी जॅक्सन, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये बसला. २०१३ चा पहिला मार्क अपेल २०१८ मध्ये खेळ सोडून गेला, पुन्हा आला, आणि २०२२ मध्ये तिशीत फिलाडेल्फियाकडून अखेर मेजर लीगमध्ये उतरला. त्याच २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ३२व्या पाळीला ॲरन जज गेला होता. अपेलची नऊ वर्षांची चिकाटी कुणी आठवत नाही, लोक अजूनही त्याला 'वाया गेलेला पहिला नंबर' म्हणतात. पाळी त्याने मागून घेतली नव्हती, दुसऱ्यांनी दिली होती. चिकटली मात्र त्याला.

तर मग याद्या बंदच करा, असं एक मत आहे. मी त्या बाजूची नाही. याद्या बंद झाल्या तरी संघाच्या बंद खोलीतली यादी काही थांबणार नाही. ती तर सगळ्यांच्या आधी तयार असते. बाहेरची यादी निदान उघड्यावर असते. तिच्याशी भांडता येतं, 'याला का वर ठेवलंस?' असं विचारता येतं. आपण साहित्याचे विद्यार्थी. पहिला कवितासंग्रह आलेल्या कवीबद्दल समीक्षकाने नुसतं 'पिढीतला तिसरा' असं लिहिलं तर आपण ते परीक्षण मानत नाही. त्याने ओळी वाचून दाखवाव्यात, कुठे दम आहे, कुठे उसनं आहे ते सांगावं, तर आपण ऐकतो. मग त्याच्याशी सहमत असू वा नसू. नव्या खेळाडूवरचा स्काउटिंग रिपोर्टही एक परीक्षणच असतं, आणि त्याला तीच अट लावली पाहिजे.

पुढच्या जुलैत तीस संघांच्या नव्या याद्या येतील. कुणी वाचणार असाल तर वरचे तीन जरूर वाचा, ते बहुधा चांगलेच असतात. पण मग खाली सरका, पाचव्या-सहाव्या फेरीत ज्याच्या करारातला आकडा शेजाऱ्यांपेक्षा ठळक दिसतो तो मुलगा शोधा, आणि त्याच्याबद्दल लिहिलेला परिच्छेद दोनदा वाचा. तिथे परिच्छेदच नसेल, नुसता नंबर असेल, तर दुसरी यादी उघडा.